सुपाआडचा पिच्चर

शिनोलीत कुणी चारचौघांत जरा वावगं बोलायला लागलं, की शेजारचा म्हणतो, "सूप धर, सूप धर." ग्रामसभेत म्हणतात, लग्नाच्या मांडवात म्हणतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये हेडमास्तरांच्या तोंडावर मी स्वतः एकदा म्हटलं आहे. आताच्या पोरांना हे बोलणं आलं कुठून ते माहीत नाही. मला माहीत आहे, कारण ते सूप ज्या घरात खुंटीला टांगलेलं असायचं त्या घरात मी भाड्याने राहत होते, आणि ते धरणारा माणूस माझा घरमालक होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला नवी नोकरी लागलेली, नेमणूक शिनोलीच्या शाळेत. खोली शोधत एका रविवारी त्यांच्या दारात गेले तर एक उंच, हडकुळा माणूस भर उन्हात लोकरीची माकडटोपी घालून झेंडूला पाणी देत होता. मला वाटलं, चुकीच्या घरी आले. मी खोलीचं विचारलं. त्यांनी झारी खाली ठेवली आणि मला नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलं, "बाई, बर्फ बघितलाय का कधी?"

"कुठला बर्फ?"

"डोंगरावरचा. गोळेवाल्याचा न्हाय."

"नाही बघितला."

"मग ऱ्हावा खुशाल. बघितलेली माणसं लई बोलत्यात."

अशी माझी मुलाखत झाली. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणू लागले. त्यांच्या बायकोला वहिनी. घरात तिसरी त्यांची मुलगी, बारावी झालेली, शांत आणि हट्टी. ती गुणाने बापावर गेली होती, पण हे तिच्या बापालाही ठाऊक नव्हतं.

माकडटोपीचा उलगडा त्याच दुपारी झाला. जेवणं आटोपली तशी गडीमाणसं एकेक करून पडवीत येऊन बसायला लागली. भाऊ आतून स्वेटर घालून आले. त्यांनी खिडक्यांवर बारदानं सोडली, टीव्ही लावला, खाली व्हीसीआर, आणि हात जोडून उभे राहिले. "मंडळी, थंडीचा पिच्चर हाय. ज्येला गारठा सोसत न्हाय त्येनं आत्ताच घरी जावं." लोक हसले. भाऊ हसले नाहीत. घामाच्या धारा लागलेल्या, तरी पिच्चर संपेपर्यंत स्वेटर उतरवला नाही. पिच्चर थंडीचा असताना आपण उघड्या अंगाने बसणं त्यांना अपमानाचं वाटायचं.

पिच्चर इंग्रजी होता, अमेरिकेतला, चांगलाच चावट. भाऊंचे मेहुणे मुंबईला माथाडी कामगार होते. तिथलं एक व्हिडिओचं दुकान बंद पडलं तेव्हा मेहुण्यांनी ते जुनं मशीन उचललं आणि एस्टीच्या टपावर घालून शिनोलीला पाठवलं. इथे उघडलं तर मशीनच्या पोटात एक कॅसेट अडकलेली. भाऊंनी ती दोन दिवस खपून चिमट्याने सोडवली. तिच्यावर चिठ्ठी नाही, नाव नाही. हिंदी कॅसेटी ते मंचरहून भाड्याने आणत, आणि बारशाला, गणपतीला, सत्यनारायणाला लोक त्यांचा टीव्ही-व्हिडिओ घेऊन जात. पण ही कॅसेट त्यांनी कधी कुणाला दिली नाही आणि घराबाहेर नेली नाही. ती रविवारी दुपारी, त्यांच्या पडवीत, त्यांच्याच देखरेखीखाली. बायकांना प्रवेश नव्हता. मलाही नव्हता.

पण माझ्या खोलीची खिडकी पडवीत उघडायची. टीव्हीची फक्त एक बाजू मला दिसे, पडदा दिसत नसे. दिसायचे ते भाऊ आणि पिच्चर बघणारांची तोंडं. असा मी तो पिच्चर कित्येक रविवार नुसता ऐकला. वह्या तपासता तपासता मला तो तोंडपाठ झाला.

इंग्रजी कुणालाच समजत नव्हतं, भाऊंनाही नाही. पण गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. टीव्हीशेजारी उभं राहून ते ती सांगत.

"ह्यो बघा म्हातारबा. डोंगरावर ह्येचं हाटेल. हाटेल म्हंजे मिसळीचं न्हाय, ऱ्हायचं. आन ह्यो काळ्या कोटातला शेठ. ह्येला डोंगर पायजे."

"कशाला पायजे?" कुणीतरी विचारायचंच.

"शेठला डोंगर कशाला लागतोय? पायजे म्हंजे पायजे. आता ही टवाळ पोरं बघा. कामाची न धामाची, पर म्हाताऱ्याला मानत्यात. पायाला फळ्या बांधून बर्फावरनं घसरत्यात. शर्यत जिकली तर हाटेल म्हाताऱ्याचं, हरली तर शेठचं."

शर्यत म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. ती सुरू झाली, की पडवीत बैलगाडा शर्यतीच्या घाटात उठतो तसा गलका उठायचा. "भिर्रर्र! उचल की टाक!" अमेरिकेतली ती पोरं कुणाच्या आरोळ्यांवर जिंकत होती ते त्यांना कधी कळलं नसेल.

आणि मधेमधे बाया. त्या पिच्चरमध्ये बायांना कपड्यांचा बराच कंटाळा असावा. त्या कारणाशिवाय गरम पाण्याच्या हौदात उतरत, कारणाशिवाय खिडकीत उभ्या राहत. मशीनचं पुढे पळवायचं बटण मोडलेलं, मागं फिरवायचं तेवढं चालू. मग भाऊंनी सूप काढलं. घरातलं, दाणे पाखडायचं. हौद आला, की भाऊ उजव्या हाताने पडद्यापुढे सूप धरायचे, डाव्याने आवाज बारीक करायचे आणि स्वतः मान वर करून आढ्याकडे बघायचे. आतलं बायांचं हसणं थांबलं, की सूप खाली. तरणी पोरं पुढे सरकून सुपाच्या फटींतून बघायला लागली, तेव्हा त्यांनी मेथ्या आणि कागदाचा लगदा कालवून सूप असं जाड सारवलं, की त्यातून उजेडही येईना.

"भाऊ, काढा की सूप!" पोरं ओरडायची.

"तुज्या घरात आया-भयनी न्हाईत का रं?"

"ह्या कुठं आमच्या भयनी हायेत?"

"कुनाच्या तरी हायेत न्हवं? चांगल्या घरच्या हायेत त्या. तिकडं थंडी लई, न्हायला आडोसा न्हाय, त्येला त्या काय करतील?"

त्या बायांना त्यांनी कधी एक वाईट शब्द लावला नाही. कुणी लावला तर त्याला पडवीतून उठवत. मला तर वाटतं, अख्ख्या तालुक्यात त्या बायांची अब्रू राखणारा तेवढा एकच माणूस होता.

वहिनींना हे सगळं अजिबात खपत नसे. "सुपात लक्षुमी आसती," त्या चुलीपुढून ओरडायच्या, "आन ह्यो मानूस त्ये नागड्या बायांफुडं धरतोय!" स्वयंपाकाला त्यांनी दुसरं सूप आणलं आणि पहिल्याला हात लावायचं सोडून दिलं. रविवारी दुपारी त्या मागच्या दाराला भांडी घासत बसायच्या, पडवीत पाऊल टाकायच्या नाहीत. भांड्यांच्या आवाजावरून त्यांचा राग मोजता यायचा.

वहिनींची दुसरी तक्रार दाराची. त्या घराला पुढे पत्र्याचं दार होतं. वारा सुटला, की ते असं आपटायचं की मला झोपेत भूकंप झाल्यासारखं वाटे. प्रत्येक वेळी वहिनी म्हणायच्या, "सागवानी दार पान्यात घातलं आन हितं पत्रा वाजतोय." भाऊ उठून दाराला वीट लावून यायचे.

ती कथा वहिनींनी मला शेंगा फोडता फोडता सांगितली होती. त्यांचं मूळ गाव वरच्या अंगाला, डिंभ्याच्या धरणात गेलेलं. गाव उठायची वेळ आली तेव्हा लोकांनी घरं उतरवली. कौलं, वासे, चौकटी, दारं, जे निघेल ते ट्रकमध्ये घालून खाली आणलं. भाऊंनी भांडीकुंडी आणली, गुरं आणली, पण घराची एक काडी काढू दिली नाही. "म्या सांगत व्हते, दार तरी काढा. माज्या सासऱ्यानं हौसंनं केलं व्हतं. पितळी कड्या व्हत्या त्येला. तर ह्यांनी काय केलं ठावं हाय का बाई? दाराला कुलूप लावलं. दोन पायऱ्या उतरले, परत वर गेले आन कुलूप वढून बघितलं, नीट लागलंय का. पान्याला कुलूप! सगळं गाव हसलं. म्या तर लाजंनं ट्रकात तोंड झाकून बसले."

"भाऊंनी कारण काही सांगितलं नाही?"

"ह्यो मानूस काय सांगतोय? त्या बायांबद्दल तासभर बोलंल."

मी त्यावर हसले होते. वहिनी हसल्या नाहीत. इतकी वर्षं उलटली तरी त्या दारापायी दोघांमध्ये एक धुसफूस कायमची राहिली होती. भांडण असतं तर मिटलं असतं, पण भाऊ भांडतच नसत.

माणूस असा विचित्र की हसावं का रडावं कळू नये. एका हिवाळ्यात त्यांनी घसरायचं मनावर घेतलं. जुन्या दिवाणाच्या फळ्या कापल्या, टोकं चुलीवर शेकून वाकवली, पायाला सुतळीने बांधायची सोय केली. बर्फाचा प्रश्न होता. घोडेगावच्या भातगिरणीमागे सुगीनंतर भाताच्या तुसाचा घराएवढ्या उंचीचा ढीग लागतो, तो त्यांनी हेरला. गिरणीवाल्याला सांगितलं, काय न्हाय, जरा वर जाऊन येतो. वर जाऊन फळ्या बांधल्या, हातात दोन काठ्या घेतल्या, माकडटोपी खाली ओढली आणि स्वतःला सोडून दिलं. भात घेऊन आलेल्या डोंगरातल्या बाया सांगत होत्या, की आधी ते कमरेपर्यंत बुडाले, मग ओरडत थोडे घसरले, आणि मग फळ्या एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे. घोटा टम्म सुजला. कानातून, नाकातून तूस निघत होतं. वहिनी हळद-तेल चोळताना इतक्या बोलल्या की मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी विचारपूस करायला गेले. पाय उशीवर, चेहरा फुललेला. "बाई, तूस बारीक पडलं. बर्फ जाड आसतोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर मधी येक घटकाभर लई भारी वाटलं. आपण कुठनं आलो, कुठं चाललो, काय ध्यानात न्हवतं." मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. पुढेही आवडतच राहिला.

खिडकीतून बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. पिच्चरच्या उत्तरार्धात एक जागा अशी होती, की तिथे सूप सगळ्यांत जास्त वेळ असायचं. हौदापेक्षा जास्त. भाऊ आधीच घाईने सांगत, "आता फुडचं लई वंगाळ हाय." आवाज बारीक नव्हे, अगदी बंद करत. आणि एरवी आढ्याकडे बघणारे भाऊ या एका ठिकाणी सुपाआडून मान वाकवून स्वतः पडदा बघत. पोरांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. "भाऊ, येकटंच बघताय व्हय?" त्या सीनबद्दल गावात काय काय बोललं जायचं ते मी इथे लिहू शकत नाही. कळंबच्या पोरांपर्यंत त्याची कीर्ती गेली होती. लोक तिकडून सायकली मारत यायचे आणि सुपाची मागची बाजू बघून परत जायचे.

अजून एक होतं. पिच्चरच्या शेवटी पोरं शर्यत जिंकतात, आणि म्हातारबा आपल्या हॉटेलचं कुलूप उघडून आत जातो. हा शेवट भाऊ नेहमी मागं फिरवून दुसऱ्यांदा दाखवत. बघणारांपैकी कुणीतरी हमखास विचारी, "पर भाऊ, कुलूप लावलं कवा? मगाशी तर हाटेल उघडं व्हतं."

"लावलं आसंल कवातरी. तुमी उघडल्यालं बघा."

पुढे केबल आली, मग सीडी आली. सीडीवर काय वाटेल ते मिळायला लागलं आणि सुपाआडच्या बाया सगळ्यांना नकोशा झाल्या. रविवारची पडवी रिकामी पडली. कॅसेटला पावसाळ्यात बुरशी धरली, ती भाऊ कापसाने पुसत बसायचे. आता भाऊ नाहीत. माझीही बदली झाली, परत आले, आता निवृत्ती जवळ आली. पण त्या पिच्चरचा जो एक खेळ मी प्रत्यक्ष पडद्यासमोर बसून बघितला, तो मुलीच्या लग्नाच्या वेळचा, दोन हजार सालाच्या आसपासचा.

मुलीला खोडदचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या मोठ्या दुर्बिणीच्या तबकड्यांवर वायरमन, घरची बागायत, स्वभावाने गरीब. मुलीला पसंत, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते लपत नव्हतं. मुलाला आई नव्हती, आत्याने वाढवलेलं. त्यामुळे त्या घरात शब्द आत्याबाईंचा. त्या बघायला आल्या, पोहे खाल्ले, मुलीला चालायला न लावता उलट शेजारी बसवून घेतलं. सगळं जमल्यातच जमा होतं. आणि आठवड्याने निरोप आला, की पोरगी चांगली आहे, पण तिचा बाप नागड्या बायांचा पिच्चर दाखवतो असं कळंबच्या बाजारात ऐकलं. असल्या घरची सोयरीक नको. करायचीच असेल तर ती कॅसेट चुलीत घाला आणि मग बोलायला या.

वहिनी लगेच म्हणाल्या, "घाला चुलीत. आत्ताच्या आत्ता."

भाऊंनी कॅसेट कपाटातून काढली. चुलीपाशी गेले. मी दारात उभी होते. "पोरीपेक्षा कॅसेट मोठी हाय का?" असं स्वतःशीच म्हणाले. हात पुढे गेला आणि तसाच राहिला. जाळाची धग लागून हाताला चटका बसत असणार, तरी हात हलेना.

मुलीने मागून येऊन कॅसेट त्यांच्या हातातून घेतली. "जाळू नका. त्यांनी न बघता ठरवलंय. बघायला बोलवा."

"याड लागलं का गं तुला?" वहिनी ओरडल्या. "ते बघून काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते बघून म्हनू द्या. कॅसेट जाळून मी नांदायला गेले तर जन्मभर म्हनतील, बापानं काहीतरी लपवलं."

निरोप गेला. आणि आश्चर्य म्हणजे आत्याबाईंनी होकार कळवला. मुलाच्या वडिलांना बरोबर घेऊन येते म्हणाल्या.

भाऊंनी मलाही बसवलं. "बाई, तुमी पायजेच. शिकल्यालं मानूस आसलं की जरा बरं दिसतं." त्यांनी स्वेटर घातला, माकडटोपी घातली. मी म्हटलं, आज तरी टोपी राहू द्या. ते म्हणाले, "लपवायचं काय न्हाय म्हनल्यावर टोपी तरी कशापायी लपवायची?"

आत्याबाई पुढे सतरंजीवर ताठ बसल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हात मांडीवर. मुलाचे वडील भिंतीला टेकले. मुलगी माझ्याजवळ. वहिनी स्वयंपाकघरात, चहा करायच्या निमित्ताने. पिच्चर सुरू झाला.

इतकी वर्षं कानांनी बघितलेला बर्फ मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. कॅसेट झिजलेली, पडद्यावर रेघा, माणसांच्या कडा हललेल्या. पण बर्फ पांढरा शुभ्र होता, डोंगरच्या डोंगर. माझ्या तोंडून "अय्या" गेलं. भाऊ वळून माझ्याकडे बघून हसले. त्या दिवशीचं त्यांचं ते एकच हसू.

पहिला हौद आला. सूप वर गेलं. आत्याबाईंनी ते चालवून घेतलं. दुसरा आला तेव्हा म्हणाल्या, "काढा त्ये."

"आत्याबाई, बरं दिसत न्हाय."

"म्या गावातली बाळतपनं केल्यात. बाईच्या अंगाला काय आसतं त्ये मला नगा सांगू. बघितल्याबिगर ठरवायचं कसं?" आणि त्यांनी उठून भाऊंच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

मुलाचे वडील एकदम पत्र्याचं दार निरखायला लागले. पडद्यावर त्या बाया वाफेत खिदळत होत्या. आत्याबाई बारकाईने बघत होत्या. मग म्हणाल्या, "गारठून मरतील की ह्या. भाईर आल्यावर पुसायला फडकं तरी हाय का जवळ?" एका बाईचा पाय सरकून ती बर्फात बदकन बसली, तशा आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांचं पोट हलत होतं. मुलगी हसली, मी हसले, मुलाच्या वडिलांनीही दार सोडून एक डोळा इकडे वळवला. मला वाटलं, सुटलो. लग्न जमलं.

पण भाऊंचा चेहरा सुटत नव्हता. टोपीखालून घाम गळत होता. थोड्या वेळाने ते आत्याबाईंसमोर वाकले आणि त्यांनी खरोखर हात जोडले. "आत्याबाई, सूप द्या. फुडचं लई वंगाळ हाय."

"ह्येच्याहून वंगाळ?"

"लई."

"मग तर बघायलाच पायजे," आत्याबाई म्हणाल्या आणि सुपावर दोन्ही हात ठेवले. त्यांचं हसणं थांबलं होतं. आता त्या पुन्हा मुलाकडच्या झाल्या होत्या. भाऊंनी बंद करायच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. आता बंद केलं असतं तर सगळंच संपलं असतं. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. मुलीने माझं मनगट धरलं. आणि नेमक्या त्या वेळी वहिनी चहाचं ताट घेऊन पडवीच्या उंबऱ्यात आल्या.

पडद्यावर म्हातारबा होता. एकटा. हॉटेलमधून त्याने एक पेटी बाहेर आणून ठेवली. शेठ त्याच्या काळ्या गाडीत बसून लांबून बघत होता. म्हाताऱ्याने आत डोकावून दिवा मालवला. लाकडी दार ओढून घेतलं. खिशातून कुलूप काढून लावलं. पेटी उचलली, दोन पायऱ्या उतरला, थांबला. पेटी बर्फात ठेवली, परत वर चढला आणि कुलूप ओढून बघितलं.

एवढंच. ना बाई, ना हौद.

"ह्येच्यात काय वंगाळ हाय?" आत्याबाई म्हणाल्या. त्या खऱ्याच गोंधळल्या होत्या. "म्हातारा कुलूप लावतोय निस्ता."

भाऊ पडद्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. म्हातारा अजून दाराशीच उभा होता, कुलपावर हात ठेवून. हा सीन लांबलेला होता, एवढ्या चावट पिच्चरमध्ये कुणी तो इतका लांबवला देव जाणे.

"आसंच वढून बघितलं व्हतं ह्यांनी," वहिनी म्हणाल्या. अगदी हळू, आम्हाला सांगायला नव्हे.

मग त्यांनी चहाचं ताट उंबऱ्यातच खाली ठेवलं. पडवीत आल्या. आत्याबाईंच्या मांडीवरचं सूप उचललं, ज्याला त्यांनी इतकी वर्षं हात लावला नव्हता, आणि टीव्हीपुढे जाऊन ते दोन्ही हातांनी पडद्यासमोर धरलं.

"लई वंगाळ हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात ह्यो सीन दावत न्हाईत."

आत्याबाईंनी वहिनींकडे बघितलं, भिंतीशी उभ्या भाऊंकडे बघितलं, पत्र्याच्या दाराकडेही बघितलं. धरणात गाव गेलेल्या लोकांचं घर आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "धरा. कळालं."

सुपाआड म्हातारा डोंगर उतरत असेल. वहिनींनी सूप जरासुद्धा हलू दिलं नाही. सीन कधी संपतो ते त्यांना कुठे माहीत होतं? शेवटी भाऊच म्हणाले, "झालं. बसा आता." हे "बसा" त्यांनी इतकं हळू म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

वहिनी बसल्या, आत्याबाईंशेजारी, सूप मांडीवर घेऊन. त्यांनी पहिल्यांदाच ती शर्यत बघितली. भाऊ काहीच सांगत नव्हते, तेव्हा मुलगीच सांगायला लागली, हा आपला, हा शेठचा. शेवटच्या वळणावर मुलाच्या वडिलांना राहवलं नाही. "भिर्रर्र!" करून ते ओरडले आणि ओशाळले. पोरं जिंकली. म्हातारबा पायऱ्या चढला, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. दार आत गेलं. आत अंधार होता, मग दिवा लागला.

भाऊ मशीन बंद करायला पुढे झाले. शेवट दुसऱ्यांदा दाखवायचंही त्या दिवशी ते विसरले होते.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "येवढंच परत लावा."

भाऊंनी मागं फिरवायचं बटण दाबलं. म्हातारा पाठमोरा पायऱ्या उतरला, पुन्हा चढला, पुन्हा किल्ली काढली. आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि भाऊंना म्हणाल्या, "मुहूर्त बघा पावणं. लग्नाच्या मांडवात तेवढा ह्यो पिच्चर नगा लावू म्हंजे झालं."

भाऊंनी मान डोलावली. त्यांनी माकडटोपी काढली होती आणि ती दोन्ही हातांत धरून ते वहिनींकडे बघत उभे होते. वहिनी पडद्याकडेच बघत होत्या. दार उघडलं, दिवा लागला, पडद्यावर मुंग्या आल्या.

"अजून येकदा," वहिनी म्हणाल्या.